आधी कागद, मग प्रिंटर

घरासाठी प्रिंटर घ्यायचा म्हटलं की आपण फोनवर दोन-तीन मॉडेलं शेजारी शेजारी लावतो. किंमत, वाय-फाय, मिनिटाला किती पानं, पानाला किती पैसे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्यातल्या कंपनीचं काम सिंदेवाहीतल्या घरून करतो, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं. मी रीतसर एक्सेल शीट केली. बाबांनी ती बघितली आणि एवढंच विचारलं, "पाण्यात पडला त अक्षर राह्यते का गा?"

हा कॉलम कुठल्याच वेबसाइटच्या तुलनेत नसतो.

बाबांच्या प्रश्नामागे आमचा वनहक्क दावा होता. जंगलाला लागून असलेला आमचा धानाचा तुकडा कागदोपत्री वनजमीन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख महत्त्वाची. आदिवासी नसलेल्या, म्हणजे 'इतर पारंपरिक वननिवासी' कुटुंबाला त्या तारखेआधी तीन पिढ्या, ७५ वर्षं, आपण इथलेच आणि जंगलावर जगणारे होतो हे दाखवावं लागतं. हिशेब केला तर १९३० पर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा हा भाग मध्य प्रांतात होता आणि गावं मालगुजारांची होती. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाबही पुरावा म्हणून चालतात. पण ती माणसं दर वर्षी कमी होत जातात, म्हणून जुना कागद जपावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात काका मोटरसायकलवर फाइल घेऊन निघाले आणि रस्त्यात सर आली. अस्सल कागद घरी पेटीत होते, म्हणून वाचलो. फाइलमध्ये एका दुकानातून काढलेल्या रंगीत प्रती होत्या. पणजोबांच्या नावाचा निळसर डाग झाला होता आणि गोल शिक्का पानभर पसरला होता.

असं का होतं? इंकजेटची शाई दोन प्रकारची असते. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तो कागदाच्या तंतूंत शिरतो आणि पाणी लागलं की पुन्हा सुटतो. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण. ते साध्या कागदावर वरच्या थरात धरून बसतात. मी दोन मित्रांकडून एकच पान दोन प्रकारच्या प्रिंटरवर छापून आणलं, दिवसभर वाळू दिलं आणि ताटात पाणी घेऊन दोन्ही बुडवली. डायचं पान पाच मिनिटांत फिकट झालं. पिगमेंटचं काळं अक्षर वाचता येत होतं.

मग सरळ लेझर का नाही? लेझरचा टोनर म्हणजे कागदावर वितळवून चिकटवलेलं प्लास्टिक, त्याला पाण्याचं भय नाही. पण लेझर तापताना शेकडो वॅट ओढतो. आमच्याकडे लाइट गेली की घर छोट्या इन्व्हर्टरवर चालतं, आणि इंकजेटला छापताना साधारण दहा-वीस वॅट पुरतात. दुसरं कारण कागद. इंकजेटचा ग्लॉसी फोटो पेपर लेझरमध्ये घातला तर त्याचा लेप आतल्या गरम रोलरला चिकटू शकतो.

आणि आमच्या घरात कागद एक प्रकारचा नाहीच. दाव्याच्या प्रती आणि सातबारा साध्या ७५ जीएसएमवर. प्रतिज्ञापत्र लीगल आकाराच्या लेजर पेपरवर. पासपोर्ट फोटो ग्लॉसीवर. आईच्या बचत गटाच्या मोहफुलांच्या लाडवांसाठी स्टिकर. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा भावाच्या मंडळाला प्रवेशिका हव्या असतात, त्या जाड कार्डावर.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-४ हा त्या चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून ७५ जीएसएमचं एक पान पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरतं. तीनशे जीएसएमचं कार्ड त्याच्या चौपट जड आणि ताठ. पुढच्या ट्रेमधून कागद घेणारा प्रिंटर तो आत यू-टर्न देऊन फिरवतो. साधं पान वळतं, कार्ड अडकतं. मागून कागद घालायचा प्रिंटर त्याला जवळजवळ सरळ खाली सोडतो. म्हणून जाड कागद लागणाऱ्या घराने आधी मागची फीड बघावी, आणि कंपनीने जास्तीत जास्त किती जीएसएम सांगितलंय तेही.

शेवटी आम्ही घेतला तो टँकवाला, मागून फीड असलेला, काळी शाई पिगमेंट आणि तिन्ही रंग डाय असा. रंगांना डायच बरी, कारण फोटो पेपरवरचा लेप तिला धरून ठेवतो आणि फोटो चमकदार येतो. पण एक मेख आहे. अशा प्रिंटरला 'फोटो पेपर' असं सांगितलं की तो पिगमेंट काळी वापरत नाही, तिन्ही रंग मिसळून काळा बनवतो. म्हणजे सेटिंग चुकीचं राहिलं तर त्याच मशीनमधून पाण्यात वाहून जाणारं अक्षर बाहेर येईल. दाव्याच्या प्रतींसाठी म्हणून नेहमी 'प्लेन पेपर' आणि ग्रेस्केल. शिक्काही काळाच छापायचा. दिसायला रंगीत प्रतीइतका छान नाही, पण टिकतो.

आणखी एक. या प्रिंटरच्या स्कॅनरची काच ए-४ ची असते, २९७ मिलिमीटर लांब. लीगल कागद जवळपास ३५६. जुने कागद बहुतेक लांबच असतात, त्यामुळे ते दोन भागांत स्कॅन करून जोडावे लागतात. जोडताना एकही ओळ जाऊ द्यायची नाही.

हवामानही बघावं लागतं. पावसाळ्यात उघडी रीम ओल धरते, पानं वाकतात, दोन-दोन ओढली जातात. उरलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो. चंद्रपूरचा उन्हाळा तर माहीतच आहे. नोझल सुकू नये म्हणून आठवड्याला एक रंगीत पान काढतो.

सिंदेवाहीहून रेल्वेने दक्षिणेकडे गेलं की बल्लारशा लागतं. तिथली कागद गिरणी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची, आणि तिच्या कागदात आपल्याच जंगलांतला बांबू गेलेला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण स्वतःचा बांबू बाहेर विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात यावं लागलं, ते २०११ च्या एप्रिलमध्ये. जंगलातून कागद होतो आणि जंगलावरचा हक्कही कागदानेच सिद्ध करावा लागतो.

आमचा दावा अजून सुटलेला नाही. तुम्ही प्रिंटर बघत असाल तर मॉडेलांच्या आधी घरातल्या कागदांची यादी करा. त्यातला कोणता सगळ्यात जास्त वर्षं टिकायला हवा, ते ठरवा. बाकीच्या कागदांना थोडी तडजोड चालते.