अकरावी ओळ

ऑफिसमध्ये तुम्ही-आम्ही रोज कितीतरी फॉर्म भरतो. रकाने संपले की काय करतो? बरोबर... उरलेलं ‘इतर’मध्ये ढकलतो! माझ्या मामाचंही तेच चाललं होतं.

मामाचा देऊळगाव राजाला मंडप-डेकोरेशनचा धंदा. हे बालाजीचं गाव. आश्विनातल्या यात्रेत लाकडी लाटा उभारून मंडप घालायची इथली परंपरा, त्यामुळे मंडपामागची मेहनत इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पण मामाच्या कम्प्युटरवरच्या बिलाच्या प्रोग्राममध्ये ओळी मोजून दहा. खुर्च्या, गाद्या, पडदे, लायटिंग करता करता दहा ओळी सहज संपायच्या. रात्रभर खांब रोवणाऱ्या पोरांची मजुरी राहायची अकरावी. ती बिलाच्या पाठीमागे पेनाने लिहिलेली. आता पैसे देताना बिलाची पाठ कोण बघतं? पोरं आपली थांबायची. आठवडा, कधी दोन आठवडे.

मी मास कॉमवाली, कोडिंग हौसेनं शिकलेली. दिवाळीच्या सुट्टीत पायथनमधलं टीकिंटर घेऊन बसले. त्याच्या पोटात जे ‘टीके’ आहे, ते जॉन ओस्टरहाउट यांनी बर्कलेला बनवलेलं, १९९१ पासूनचं. म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठं!

मला हवं होतं एकच बटण : ‘आणखी ओळ’. ते दाबलं की प्रोग्राम चालू असतानाच नवा रकाना तयार व्हायला हवा. पण गंमत बघा, रकाना तयार झाला म्हणजे तो दिसतो असं नाही. ‘ग्रिड’ करून त्याला खिडकीत जागा द्यावी लागते. शिवाय त्याची नोंद एका यादीत ठेवावी लागते. ती नसेल तर रकाना छान दिसतो, त्यात आकडाही भरता येतो, पण बेरजेत तो येतच नाही! आणि ओळ काढून टाकली तर यादीतूनही काढायची. नाहीतर बेरीज करताना प्रोग्राम नसलेल्या रकान्याला आकडा विचारतो आणि एरर देतो.

म्हणजे दिसणं वेगळं आणि हिशेबात असणं वेगळं. खांब रोवणारी पोरं तरी सगळ्यांना दिसतच होती की!

नवं बिल बघून मामा म्हणाला, “अगं, गिऱ्हाईक म्हणेल बिल वाढलं.”

“वाढलं नाही मामा, पाठीमागचं पुढे आलंय.”

मामा काही बोलला नाही. पण पुढच्या लग्नाच्या बिलात त्यानं मजुरी पहिल्याच ओळीत टाकली. खुर्च्यांच्याही आधी.

तेव्हा मंडळी, उद्या एखादी गोष्ट ‘इतर’मध्ये ढकलताना जरा बघा, तिथे कुणाची मजुरी तर नाही ना?