नागीण गेली, ठणका उरला

मराठी भाषेची श्रीमंती कोणाला पाहायची असेल, तर त्याने दुखण्याचे शब्द मोजावेत असे मला पुष्कळदा वाटते. पोटात कळ येते, दाढ ठणकते, गळू ठसठसते, कमरेत उसण भरते, पाठीत चमक निघते, जखम चरचरते, डोळे चुरचुरतात. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालायचा नाही. दाढेत उसण भरली असे लिहिले, तर माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही हसेल!

या शब्दांची किंमत वैद्यकालाही कळली आहे. माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी रुग्णांच्या तोंडी येणारे असे शब्द गोळा केले आणि १९७५ साली त्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्ण ‘आग होते’, ‘सुया टोचतात’, ‘विजेचा झटका बसतो’ असे म्हणू लागला, की डॉक्टरांचा संशय मज्जातंतूंकडे वळतो.

हे तिन्ही शब्द आमच्या घरात आले ते आत्याबरोबर. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर तिला नागीण झाली. महिन्याभरात खपल्या गळून पडल्या. येणारेजाणारे ‘सुटलात हो!’ म्हणू लागले. आग मात्र राहिली. लुगड्याचा पदर घासला तरी ती कळवळे. सहा महिने उलटले आणि लोकांच्या सहानुभूतीची मुदत संपली. “दिसत तर काहीच नाही. वयाने मन हळवं होतं,” असे तिच्यादेखत बोलले जाऊ लागले. मग आत्याने सांगणेच सोडले. तिचे कण्हणे मला ऐकवत नसे. पण हे गप्प बसणे त्याहून भयंकर वाटू लागले.

मी तिला मज्जारोगतज्ज्ञांकडे नेले. आत जाताच ती म्हणाली, “डॉक्टर, मी ढोंग करत नाही हो.”

“आजी,” ते म्हणाले, “तुमची कातडी बरी झाली आहे. आतली तार बरी झालेली नाही.”

ही तार काय प्रकार आहे? लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असे आपण म्हणतो. पण त्यांचा विषाणू कण्यालगतच्या मज्जापेशींच्या गाठींत दडून बसलेला असतो. वयपरत्वे प्रतिकारशक्ती मंदावली की तो जागा होतो आणि एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत उतरतो. म्हणून नागीण बहुधा एकाच कुशीवर पट्ट्यासारखी उठते. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही जुनी भीती निराधार आहे. त्या तंतूची हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशीच संपते. इंग्लंडात हेन्‍री हेड आणि कॅम्पबेल यांनी मृत रुग्णांच्या या गाठी तपासून १९०० साली आपले निष्कर्ष छापले. गाठींत सूज होती, रक्तस्राव होता आणि पेशी मेलेल्या होत्या.

आता कोणी म्हणेल, तार तुटली तर घंटा वाजू नये. पेशी मेल्या तर वेदनाही संपावी. येथेच दैवाची थट्टा आहे. सुजेच्या जागी जमलेल्या पेशी जी रसायने सोडतात, त्यांनी वाचलेले तंतू हुळहुळे होतात आणि काही कारण नसताना आपणहून संदेश धाडू लागतात. त्या माऱ्याने पुढचा मज्जारज्जूही हळवा होतो. असे होऊ शकते, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले. मग पदराचा स्पर्शही आग म्हणून मेंदूकडे जातो. आत्याची कूस एकाच वेळी बधिरही होती आणि जळतही होती. ऐकणाऱ्याला हे खोटे वाटे. मेलेले आणि चवताळलेले तंतू शेजारीशेजारी असले, की असेच व्हायचे.

डॉक्टरांनी तिला खिन्नतेवर आणि फेफऱ्यावर देतात त्या जातीची औषधे दिली, कारण ती या बेलगाम संदेशांना आवरतात. चार महिन्यांत ठणका निम्म्यावर आला. पुरता गेलेला नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणूवरचे औषध सुरू करणे चांगले. पुष्कळ घरांत ते तीन दिवस गेरू लावण्यात जातात. पन्नाशीनंतर घ्यायची लसही आता आपल्याकडे मिळते.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपांत, दुखते म्हणणाऱ्याच्या सांगण्याचा मान राखावा, असेही नोंदवले आहे. या दिवाळीत फराळाला जाल त्या घरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर एखादी आजी अंग चोरून बसलेली असेल. तिला ‘आता बरं आहे ना?’ असे विचारू नका, ‘कसं दुखतं?’ असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आत्या आता पुन्हा सांगू लागली आहे. “आज आग नाही रे, नुसत्या सुया आहेत,” ती म्हणते. मी ते तारखेनिशी वहीत उतरवून ठेवतो. पुढच्या खेपेस डॉक्टर वही मागतील.