डब्यावरील अक्षरे

साहित्याच्या अध्यापनात उभी हयात घालवलेल्या माणसाला एक अभिमान असतो: आपल्याला वाचता येते. शीर्षकावर विसंबू नका, प्रस्तावनेवर विसंबू नका, संहिता वाचा, असे मी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना बजावत आलो. हा अभिमान किती पोकळ होता, हे मला आइस्क्रीमच्या एका जुन्या डब्याने दाखवून दिले.

आमच्या घरी आइस्क्रीमचा रिकामा डबा कधी टाकून दिला जात नाही. त्याला आमसुले, चिंच, सुटे दोरे असे दुसरे आयुष्य मिळते. गेल्या पावसाळ्यात फडताळ आवरताना असाच एक डबा हाती आला. आत चिंच होती आणि बाहेर छापलेली तारीख अद्याप वाचता येत होती: मे २०१६. त्या उन्हाळ्यात माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई अंथरुणाला खिळली होती. जून संपता संपता ती गेली.

शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत तिला काही गिळवत नसे. पेज नको, वरणाचे पाणी नको, दूध तर ओठांशी नेले तरी ती मान फिरवी. जात असे ते फक्त दुकानातून आणलेले व्हॅनिला आइस्क्रीम. सकाळी चार-पाच चमचे, संध्याकाळी चार-पाच चमचे मी भरवीत असे. भेटीला येणाऱ्यांना मी सांगे, “अन्न जात नाही, पण निदान दूध तरी पोटात जातं आहे.” या वाक्याचा त्या दिवसांत मला फार मोठा आधार होता.

आइस्क्रीम म्हणजे दूध, ही माझी समजूत बालपणापासूनची. आमचे घर बडोद्याचे. उन्हाळ्याच्या सुटीत अंगणात लाकडी बादलीचा पॉट निघे. शेजारची गुजराती मंडळी त्याला संचो म्हणत. मधल्या धातूच्या भांड्यात आटवलेले दूध, साखर आणि आमरस. भोवती बर्फ आणि खडे मीठ. मिठाने बर्फ वितळण्याचे तापमान शून्याखाली उतरते आणि बर्फ आतल्या दुधाची उष्णता ओढून घेतो, हे पुढे शाळेत कळले. तेव्हा कळे ते एवढेच, की दांडा फिरवून हात दुखू लागले आणि तो फिरेनासा झाला, की आइस्क्रीम झाले. आई झाकण उघडून पाही आणि पहिली वाटी देवापुढे ठेवी. आत काय आहे हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असे; त्याला लेबलाची गरज नव्हती.

आता, चिंच दुसऱ्या भांड्यात काढून मी तो डबा खिडकीशी नेला आणि चष्मा लावून प्रथमच वाचला. त्यावर ‘आइस्क्रीम’ हा शब्द कोठेही नव्हता. ‘फ्रोझन डेझर्ट’ असे होते. घटकांच्या यादीत पाणी, साखर, दुधाची भुकटी, वनस्पती तेल आणि पुढे ४१२, ४०७, ४७१ असे आकडे होते. शोध घेतल्यावर उलगडले, की ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक, ४०७ म्हणजे समुद्रशेवाळातून काढलेला घट्टपणा आणणारा पदार्थ आणि ४७१ म्हणजे स्निग्धांश व पाणी यांना एकत्र धरून ठेवणारे द्रव्य. त्यांत विषारी असे काही नाही. आमच्या अंगणात जे काम दांडा फिरवणारे हात करीत, त्यातले काही कारखान्यात ही द्रव्ये करतात.

मग मी नियम वाचले. भारतीय मानकांनुसार ज्याला नुसते ‘आइस्क्रीम’ म्हणता येते, त्यात दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के आणि प्रथिने किमान ३.५ टक्के असावी लागतात. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या स्निग्धांशाऐवजी खाद्य वनस्पती तेल चालते. शिवाय एक लिटर आइस्क्रीमचे वजन ५२५ ग्रॅम भरले तरी पुरते. लिटरभर दूध किलोहून थोडे अधिकच भरते. म्हणजे डब्याचा निम्म्याच्या जवळपास भाग घोटून भरलेली हवा असू शकते. ‘आइस्क्रीम’ आणि ‘फ्रोझन डेझर्ट’ या दोन नावांवरून २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जाहिरातींचा वाद उभा राहिला, तेव्हा मी ती बातमी व्यापाऱ्यांची भांडणे म्हणून ओलांडून गेलो होतो. शब्दांच्या अर्थावरचा तो वाद माझ्याच विषयातला होता, आणि माझ्याच घरातला.

मला कोणी फसवले, असे म्हणण्याची सोय नाही. अक्षरे तेथे होती. मी चित्रातला दुधाळ गोळा पाहिला आणि संहिता सोडून दिली.

त्या रात्री मी हिशेब मांडला. चार-पाच लहान चमचे म्हणजे फार तर २५ ग्रॅम. दोन वेळचे मिळून ५० ग्रॅम. डब्यावरील कोष्टकात दर १०० ग्रॅममागे सुमारे २०० कॅलरी, प्रथिने साडेतीन ग्रॅम आणि साखर २० ग्रॅम होती. म्हणजे आईच्या पोटात दिवसाला १०० कॅलरी जात होत्या आणि प्रथिने पावणेदोन ग्रॅम. चाळीस किलो वजनाच्या माणसालाही दिवसाला तीस-बत्तीस ग्रॅम प्रथिने लागतात. मग मी अस्सल आइस्क्रीम धरून तोच हिशेब पुन्हा केला. स्निग्धांश तेलाचा न राहता दुधाचा झाला. बाकीचे आकडे जवळजवळ तसेच राहिले. मी नीट वाचून दुसरा डबा आणला असता, तरी त्याने ती एक दिवस अधिक जगली असती असे कोणताही आकडा सांगत नाही.

याने अपराधाची बोच कमी व्हावी, झाली नाही. कारण चूक डब्याच्या निवडीत नव्हती. दूध पोटात जाते आहे, हे वाक्य मी येणाऱ्यांना सांगत होतो ते खरे तर स्वतःला भरवीत होतो. ती जाणार हे वाचायचे नव्हते, म्हणून मी डबाही वाचला नव्हता.

आणि तेव्हा एक विसरलेली गोष्ट आठवली. पहिल्या संध्याकाळी दोन चमचे घेऊन आईने डोळे मिटले होते. “हे आपल्या पॉटमधलं नाही रे,” ती म्हणाली. मी ओशाळून म्हणालो, “नाही गं, दुकानातलं आहे. नको का?” थोड्या वेळाने ती म्हणाली, “गार आहे. घशाला बरं वाटतं. दे.”

आत काय आहे ते तिने जिभेवर ठेवताच ओळखले होते. तिला पोषण नको होते. गारवा हवा होता, आणि तो डब्यात होता. कोष्टकात त्याचा रकाना नसतो.

हल्ली दुकानात मी प्रत्येक डबा फिरवून मागची बाजू वाचतो. रक्तातील साखर वाढल्यामुळे मला ते आवश्यकही झाले आहे. चिंचेचा डबा मात्र धुऊन पुन्हा फडताळात ठेवला आहे.