पोरांना दळण आणायला धाडा!

परवापासून भेटेल त्याला मी ब्रिस्टलच्या पोरांची गोष्ट सांगत सुटले आहे! इंग्लंडमधल्या या शहरात आणि आसपास १९९१-९२मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा मागोवा संशोधक वर्षानुवर्षं घेत आहेत. त्यातल्या ४,२५७ जणांच्या कमरेला बाराव्या, चौदाव्या आणि सोळाव्या वर्षी काही दिवस हालचाल मोजणारं यंत्र बांधलं आणि अठराव्या वर्षी त्यांच्या मनाची विचारपूस केली. निष्कर्ष २०२०मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. बाराव्या वर्षी जी मुलं दिवसाला तासभर जास्त हलकी हालचाल करत होती, त्यांच्यात अठराव्या वर्षी नैराश्याची लक्षणं जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी! आणि हलकी म्हणजे किती हलकी? रमतगमत चालणं, घरातली कामं. म्हणजे गिरणीतून दळण आणणं, गच्चीवर कपडे वाळत घालणं!

मुळात उदास मुलंच कमी हलत असतील, ही शंका मलाही आली. मग २०२३चा ‘जामा पेडियाट्रिक्स’मधला लेख सापडला. २१ अभ्यास, २,४४१ मुलं-मुली. ज्यांना मुद्दाम व्यायाम करायला लावला, त्यांची नैराश्याची लक्षणं खरोखर उतरली होती. तेरा वर्षांपुढच्यांत आणि आजाराचं निदान झालेल्यांत तर जास्तच. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांनाच जास्त गुण!

व्यायाम आणि चिंता यांचं गणित तर किती सुंदर आहे. घाबरलं की छाती धडधडते, घाम फुटतो, आणि त्या धडधडीचीच पोरांना भीती बसते. दोरीच्या उड्या मारतानाही तेच होतं आणि थोड्या वेळात शांतही होतं. धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीर स्वतःच शिकतं.

माझी भाची दहावीत आहे. समोर बसवून विचारलं की ‘काही नाही’ एवढंच उत्तर. हल्ली आम्ही संध्याकाळी चालायला जातो, आणि शेजारून चालताना ती आपणहून बोलते. काल म्हणाली, ‘‘मावशी, आज टेकडीपर्यंत जाऊ या.’’ मला आकाश ठेंगणं झालं!

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोमदार हालचाल सांगते. दहावी आहे म्हणून ती कापू नका, हात जोडून सांगते. डॉक्टरांची औषधं, समुपदेशन चालू असेल तर तेही थांबवू नका. आणि पोर फारच मिटून गेलं असेल, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत उपलब्ध आहे.