मधला स्पीकर

बरेच दिवस झाले, इथं काही लिहिलं नाही. दोघाचौघांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? बरी आहे. उन्हाळा होता आणि मी एका खरेदीत अडकलो होतो. खरेदी कसली, तर होम थिएटरच्या स्पीकरची! पंचाहत्तरीला टेकलेल्या मास्तरानं या वयात हा उद्योग का करावा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

तर झालं असं. मुलगा बंगळूरला असतो. दिवाळीत आला तेव्हा त्यानं जुना टीव्ही काढून ५५ इंची नवा भिंतीवर लावून दिला. चित्र असं की नटीच्या कानातल्या कुड्यांचे मोतीसुद्धा मोजून घ्यावेत. पण ती नटी बोलते काय, ते मात्र मला कळेना. पार्श्वसंगीत ढणढण वाजायचं आणि माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. मी आवाज वाढवायचो. संगीत आलं की ही आतून ओरडायची, "अहो, कमी करा, शेजारचे येतील भांडायला!" त्यात वाडीतलं घर म्हणजे अमरावती रोडवरच्या ट्रकांचे भोंगे आहेतच, आणि होळीपासून पहिल्या पावसापर्यंत खिडकीत कूलर. नागपूरकडच्या वाचकांना कूलर काय चीज आहे ते सांगायला नको. पुण्यामुंबईच्या नातेवाइकांसाठी एवढंच सांगतो की शेजारच्या खोलीत विमान सुरू करून ठेवल्यासारखं वाटतं.

हळूहळू असं झालं की ही तिच्या खोलीत मोबाइलवर इयरफोन लावून मालिका बघायची आणि मी बाहेर एकटा आवाज वाढवून बसायचो. आम्ही दोघांनी शेजारी बसून एकही सिनेमा पुरा पाहिला नाही, याला वर्ष होऊन गेलं होतं. लग्नाला ४८ वर्षं झाली. भांडण काहीच नव्हतं. त्यामुळेच बहुधा ते लक्षातही आलं नाही.

मुलाला फोनवर सांगितलं, की या टीव्हीचा आवाज वाईट आहे. तो म्हणाला, "बाबा, सगळ्या पातळ टीव्हींचं असंच असतं. आत मोठा स्पीकर मावायला जागाच नसते, आणि असतात ते छोटे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. तुम्ही ५.१ घ्या. पैसे मी पाठवतो." आणि त्यानं साठ हजार पाठवूनही दिले.

मग एका रविवारी आम्ही दोघं बर्डीवर गेलो. दुकानातला मुलगा चुणचुणीत होता. आम्हाला सोफ्यावर बसवलं, दिवे मंद केले आणि इंग्रजी युद्धपट लावला. डावीकडून उजवीकडे हेलिकॉप्टर गेलं, पाठीमागे बाँब फुटला. हिनं माझा दंड घट्ट धरला. "काका, ऐका न, अख्खं घर हालते याच्यानं! अजून वाढवू का?"

मी म्हटलं, घर हलवायचं नाही बाबा, आधी हे ५.१ काय प्रकरण आहे ते नीट सांग. मास्तरकीची खोड, खिशातून वही काढली. त्यानंही कौतुकानं सांगितलं. समोर तीन स्पीकर, डावा, उजवा आणि मधला. बसणाऱ्याच्या दोन बाजूंना, किंचित मागे, आणखी दोन. हे झाले पाच. आणि तो दशांश एक म्हणजे वूफर, फक्त ढमढम करणारा. समोरचे दोन आपल्या नजरेच्या रेषेपासून दोन्हीकडे ३० अंशांवर हवेत आणि बाजूचे ११० अंशांच्या आसपास. म्हणजे कंपास पेटी घेऊनच बसायला हवं! आमच्या दहा बाय चौदाच्या बैठकीत सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला देवघर. ११० अंशांवर नेमका बाळकृष्ण येतो.

ही चैन काही आजची नाही म्हणा. वॉल्ट डिस्नेनं १९४० साली 'फँटेशिया'साठी थिएटरात चहूकडून आवाज देण्याचा खटाटोप केला होता. आजच्या ५.१ची डॉल्बी डिजिटल पद्धत सिनेमात १९९२ साली आली. माझा स्वतःचा पहिला अनुभव 'शोले'चा. १९७६ साली मुंबईला चुलतभावाकडे गेलो होतो, तेव्हा मिनर्व्हाला ७० एमएमवर पाहिला. घोड्यांच्या टापा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेल्या आणि मी मान वळवली. नाणं पडल्याचा आवाज आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकानं खुर्चीखाली वाकून पाहिलं होतं. तेव्हा मी पंचविशीचा होतो आणि कान ससाण्याचे होते. (ससाण्याचे डोळे असतात, कान नव्हे, हे मला माहीत आहे. विद्यार्थ्यांनी चूक काढू नये.)

वॉटचीही एक गंमत लिहून घेतली. पूर्वी खोक्यांवर पीएमपीओ म्हणून हजार-दोन हजार वॉट छापलेले असायचे. ते आकडे निव्वळ दिपवण्यासाठी. स्पीकर सतत किती ताकदीनं वाजू शकतो, ते आरएमएसच्या आकड्यावरून कळतं. आणि वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. हे ऐकल्यावर हजार वॉटचा मोह गेला.

पण त्या दिवशीची कामाची गोष्ट निराळीच. पोरगा म्हणाला, "काका, सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं मधल्या स्पीकरातून येते." मी पेन खाली ठेवलं. म्हणजे डावा-उजवा संगीत वाजवतात, बाजूचे पावसाचे न् गर्दीचे आवाज काढतात आणि माणूस बोलतो तो मधल्यातून. टीव्हीच्या दोनच स्पीकरांत हे सगळं एकत्र कोंबलं जातं, तेव्हा बोलणं चेंगरतं. स्वतंत्र मधला स्पीकर असेल तर तेवढ्याचाच आवाज वाढवता येतो.

मी म्हटलं, मग बाँब बंद कर आणि दोन माणसं बोलतायत असं काहीतरी लाव. त्यानं एका मराठी सिनेमातला, स्वयंपाकघरात नवराबायको हळू आवाजात बोलतात तो प्रसंग लावला. मधला स्पीकर वाढवला. ही लगेच म्हणाली, "किती स्वच्छ! शब्द न् शब्द कळतोय."

मला कळत नव्हता.

आवाज येत होता, भरपूर येत होता. बाई बोलतेय, चिडली आहे, हेही कळत होतं. शब्द मात्र पाण्याखालून आल्यासारखे. मी हसून "छान आहे" म्हटलं. पोरगा "घेऊन टाका मग" म्हणाला. ही माझ्याकडे बघत होती. तिनं पर्स उचलली आणि म्हणाली, "आम्ही विचार करून सांगतो." रिक्षात बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "जानेवारीतलं नाटक आठवतं?"

आठवत होतं. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात सातचं नाटक होतं आणि मी आठ ऐकलं होतं. पहिला अंक बुडाला. मी तिच्यावरच चिडलो होतो की नीट सांगत नाहीस. भाचीच्या साखरपुड्यात नको तिथं हसलो होतो, तेही आठवलं. हिला सगळं ठाऊक होतं. मी टीव्हीला दोष देत होतो तोवर तिनं देऊ दिला.

पुढच्या आठवड्यात धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मग आलेख हातात देतात. माझा आलेख डावीकडे ठीक होता आणि पुढे घाट उतरावा तसा खाली गेलेला. म्हातारपणी वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत, जोरकस, ते शाबूत राहतात. स, श, फ, ठ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीतली, तीच झिजतात. 'सात'मधला स गेला की उरतं ते 'आठ'च्या जवळचंच. व्याकरण शिकवण्यात जन्म गेला, पण व्यंजनं सोडून जातात हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. टीव्ही मोठा केला की नुसते स्वरच मोठे व्हायचे. म्हणून ते ढणढण, आणि म्हणून ते पुटपुटणं.

वर्गात पहिल्या दिवशी मी विचारायचो, मागच्या बाकावर ऐकू येतं का रे? सगळे "हो सर" म्हणायचे. त्यातली काही पोरं ऐकू न येताच हो म्हणत असतील, हे मला आता कळतंय. एक मुलगा होता, नेहमी दुसऱ्याच्या वहीत बघून लिहायचा. मी त्याला कॉपी करतो म्हणून उभा केला होता, एकदा नाही, पुष्कळदा. त्याचे कान कधी कुणी तपासले असतील का? मी तर सुचवलंही नव्हतं. असो.

कानाची यंत्रं घेतली. दोन्ही कानांची, माझ्या ठेवीतून. पहिले चार दिवस वैताग. वर्तमानपत्राची घडी मोडली तरी कडकडाट, आणि कूलर तर छातीवर बसल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, काढून ठेवू नका. नाही काढली.

त्यानंतर, जूनच्या शेवटी, पुन्हा बर्डीवर. या वेळी काय हवं ते पक्कं होतं. ५.१ घेतलं नाही. ३.१ घेतलं, म्हणजे टीव्हीखाली एक लांब पट्टी, तिच्यात डावा, मधला, उजवा, आणि वेगळा छोटा वूफर. बाळकृष्ण आपल्या जागी राहिला. घेण्यापूर्वी मधल्याचा आवाज वेगळा वाढवता येतो की नाही, ते रिमोटवर करून दाखवायला लावलं. रात्रीची सोय आहे का तेही पाहिलं. त्यात मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणं वर येतं. टीव्हीला जोडायला एकच एचडीएमआय तार. मुलाच्या पैशातले निम्म्याहून अधिक उरले. घरी आल्यावर हिनं एक फुकटचा उपाय केला. उघडी फरशी आणि कोऱ्या भिंती आवाज परतवतात, तर जाड पडदे लावले आणि खाली जुनी सतरंजी टाकली. त्या सतरंजीनं दहा हजारांचं काम केलं असं माझं मत आहे.

पहिला सिनेमा लावला 'श्यामची आई', १९५३चा. त्या काळचा आवाज एकाच मार्गाचा, मोनो. त्याला पाच स्पीकर काय न् पन्नास काय! पण या पट्टीत एक पद्धत आहे, ती असा एकेरी आवाज ओळखून मधल्याकडे पाठवते. बाहेर पाऊस होता, म्हणून कूलर बंद. ही चहा घेऊन आली, आणि इयरफोन आतच ठेवून आली. अर्ध्या तासानं तिनं विचारलं, "फार मोठा नाही ना आवाज?" मी बघितलं, आकडा १८ होता. पूर्वी मी ४० वर बसायचो.

सगळे शब्द कळतात असं नाही. दोन माणसं एकदम बोलली की अजून गोंधळ होतो. ही न विचारता वाक्य परत सांगते, पण सिनेमा थांबवून नाही, हळूच.

आता मुलासाठी. बाळा, तुला अजून सांगितलं नव्हतं. तू फोनवर विचारलंस, "बाबा, ५.१ कसं वाजतंय?" आणि मी "मस्त" म्हणालो होतो. तू हे वाचशीलच. उरलेले पैसे बँकेत आहेत, दिवाळीत आलास की घेऊन जा. आणि फोन करशील तेव्हा ओरडू नकोस, त्यानं उपयोग होत नाही. जरा सावकाश बोल.