पिसांचा मासा

माणसाने पंचेचाळिशी ओलांडली की नवे काही शिकण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे प्रामाणिक मत होते. हे मत मी स्टाफरूममध्ये अनेकदा, आणि चहाचे पैसे दुसऱ्याने दिलेले असले म्हणजे विशेष ठासून, मांडीत असे. वीस-बावीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवल्यावर बोटांना खडू आणि तांबडे पेन यांखेरीज तिसऱ्या वस्तूची ओळख उरत नाही. त्याच बोटांनी मी यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत कोंबड्याच्या पिसांचा मासा बांधला. आमच्या विभागप्रमुखांना हे अजून ठाऊक नाही. हा अंक त्यांच्या घरी येतो, तेव्हा कळेलच.

मासा म्हणजे गळावरचे आमिष. ट्राउट नावाचा मासा थंडगार, खळाळत्या पाण्यात राहतो. त्याच्यामागे लागलेले शौकीन लोक गळाला गांडूळ लावीत नाहीत. ते गळावर दोरा, लोकर आणि पिसे गुंडाळून एक खोटा किडा तयार करतात आणि त्याला इंग्रजीत माशी म्हणतात. या माश्यांतलाच एक प्रकार म्हणजे स्ट्रीमर. पण हा किड्याचे सोंग घेत नाही, लहान माशाचे घेतो; कारण ट्राउट थोराड झाला की त्याचे किड्यांवर भागत नाही, तो आपल्याहून लहान मासे गिळू लागतो. म्हणजे नाव माशीचे, सोंग माशाचे आणि अंग कोंबड्याचे!

हे वेड आमच्या घरात आणले ते चिरंजीवांनी.

आम्ही शिरोलीला राहतो. पंचगंगेवरच्या पुलामुळे या गावाचे नावच ‘शिरोली पुलाची’ असे पडले आहे. पण आता शिरोली म्हटले की लोकांना आठवते ती एमआयडीसी. पुणे-बंगळूर हमरस्त्याच्या कडेला पसरलेल्या फाउंड्र्या, त्यांच्या वाळूचा करपट वास, आणि भट्टीतून निघालेल्या ओतीव कामावर दिवसरात्र फिरणारे लेथ. त्यांतल्या एका लहानशा कारखान्यात आमचे चिरंजीव टर्नर आहेत. प्राध्यापकाचा मुलगा आणि टर्नर! चार वर्षांपूर्वी, बारावीचा निकाल लागल्यावर, “मी आयटीआयला जाणार” असे त्याने सांगितले, त्या रात्री मी जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. “ही कपाटभर पुस्तके मग मी कोणासाठी जमवली?” हे त्यातले सर्वांत सौम्य वाक्य होते. त्यानंतर आमचे संभाषण मीठ, आंघोळीचे पाणी आणि स्कूटरची किल्ली या तीन विषयांपलीकडे गेले नाही. त्याचा कारखाना घरापासून दहा मिनिटांवर. रोज महाविद्यालयात जाताना मी त्याच्या फाटकावरून जात असे. आत मात्र कधी गेलो नाही.

एप्रिलमध्ये तो मित्रांबरोबर हिमाचलात तीर्थनच्या खोऱ्यात जाऊन आला. तिथे कोणा स्थानिक माणसाने त्याला ट्राउट धरून दाखवला आणि हातात देऊन परत पाण्यात सोडला. “सोडून द्यायचा तर धरायचा कशाला?” असे आमच्या सौ.नी विचारले. कोल्हापूरच्या कुठल्याही स्वयंपाकघरात हाच प्रश्न विचारला गेला असता. पण चिरंजीवांना सोडतानाचा तो क्षण फार आवडला होता. एके रात्री तो माझ्या टेबलाजवळ आला, हातातले दोन छापील कागद पुढे केले आणि म्हणाला, “बाबा, एवढं वाचून सांगता? इंग्लिश जरा अवघड आहे.”

चार वर्षांत त्याने माझ्याकडून काही वाचून मागितले ते हे पहिल्यांदाच. मी चष्मा पुसायला जरा जास्तच वेळ घेतला.

मग मी मास्तर जागा केला. शेपटीला ‘पुच्छ’, गळ्याशी गुंडाळायच्या पिसाला ‘कंठपिच्छ’, असे एकेक शब्द पाडीत मी अनुवाद सांगू लागलो. त्याने बराच वेळ सहन केले. शेवटी म्हणाला, “बाबा, शेपूट म्हणा. माशाला पण तेच कळेल.” पण गळाच्या टोकाचे ते भोक, ज्यातून दोरी ओवायची, त्याला मी ‘नेढे’ म्हटले तेव्हा तो थांबला. सुईला असते ते, माहीत होते त्याला, आजीकडून ऐकलेले. “नेढं,” तो दोनदा म्हणाला आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवले. त्या बदल्यात दुसऱ्या दिवशी मला एक शब्द मिळाला. ज्यात गळ घट्ट धरायचा त्या अवजाराला कागदावर ‘व्हाइस’ म्हटले होते आणि मी आपला शब्दकोश उघडायला निघालो होतो. “शेगडा हो,” तो म्हणाला. “कारखान्यात पाच आहेत. उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत या.”

त्याआधी साहित्य जमवायचे होते. जरीचा तार सौ.च्या लग्नातल्या शालूच्या उसवलेल्या काठातून मिळाला. “मासे मारायला माझा शालू!” असे म्हणत त्यांनीच तो कात्रीने नीट सोडवून दिला. तांबडी लोकर जुन्या कानटोपीची. पिसांसाठी मात्र मी स्वतः चिकनच्या दुकानी गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. “सर, कोंबडी सोडून नुसती पिसं?” त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो मी मर्ढेकर शिकवताना कधी उमटवू शकलो नव्हतो. पण ज्ञान त्याच्याकडे होते. ब्रॉयलरच्या पिसांचा उपयोग नाही, तो म्हणाला. ती कोंबडी सहा आठवड्यांत सुरीखाली येते, मानेवरची लांब पिसे फुटायला तिला वेळच मिळत नाही. त्यासाठी वयात आलेला गावठी कोंबडा हवा. रविवारी त्याने कागदात गुंडाळून दिली ती मानेवरची तांबूस, चकाकणारी पिसे आणि पोटाखालची मऊ पांढरी.

हे साहित्य केवढे जुने आहे पाहा. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवरच्या मासेमारांची हकिकत लिहून ठेवली आहे. ते गळावर तांबडी लोकर गुंडाळीत आणि वर कोंबड्याची दोन पिसे बसवीत. तांबडी लोकर, कोंबड्याची पिसे! कानटोपी तेवढी आमची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या फाटकातून आत गेलो. तेलाचा आणि गरम लोखंडाचा वास, चार लेथ आणि डबे उघडून बसलेली मुले. “सर आलेत” म्हणून त्यांनी स्टूल पुसून दिले. शेगडा चांगला दणकट होता. त्याच्या जबड्यात आमचा गळ म्हणजे हत्तीच्या तोंडात वेलदोडा. चिरंजीवांनी जरा आवळला आणि कट्‌कन गळाचे दोन तुकडे झाले. गळाचे पोलाद कडक असते, वाकण्याआधी मोडते. तो काही बोलला नाही. भंगारातून बोटभर जाडीची सळी उचलली, लेथच्या चकात धरली आणि सुरू झाला. मी पाहत राहिलो. सळीवरून लोखंडाची निळसर कुरळी पट्टी सुटत होती. मध्येच तो यंत्र थांबवी, व्हर्नियर लावी, पुन्हा सुरू करी. व्हर्नियर एका मिलिमीटरचे पन्नास भाग मोजतो, असे शेजारच्या मुलाने मला सांगितले. मी आयुष्यात पेपर तपासताना अर्धा गुण इकडे की तिकडे, याहून बारीक मोजमाप केलेले नाही. अर्ध्या तासात टोकाला चीर पाडलेला, कानशीने घासून गुळगुळीत केलेला, करंगळीएवढा शेगडा तयार झाला. गळ त्यात असा बसला की जणू तिथेच उगवला होता.

आता बांधणी. गळाच्या नेढ्यामागून दोरा सुरू करायचा, वेढ्याला वेढा चिकटवीत वाकणापर्यंत न्यायचा. तिथे मऊ पांढरे पीस शेपटी म्हणून बांधायचे, गळाच्या दांड्याएवढे लांब. त्याच जागी लोकर आणि जर यांची टोके पकडायची. दोरा पुढे आणायचा. मग लोकर गुंडाळीत पुढे यायचे, आणि तिच्यावरून जरीचे पाच तिरके वेढे, मध्ये मध्ये लोकर दिसेल असे. हे खवल्यांचे चमकणे. वर दोन लांब पिसे पाठीसारखी बसवायची, गळ्याशी एक गोल फिरवायचे, आणि उरलेल्या जागेत दोऱ्याचे डोके बांधून गाठ.

उरलेल्या जागेत! माझ्या पहिल्या माशाला डोक्यासाठी जागाच उरली नाही. लोकर नेढ्यावर चढून बसली. दुसऱ्यात शेपूट फिरून पोटाखाली आले. तिसऱ्याच्या वेळी मी रागाने दोरा ओढला, तो तुटला आणि सगळा संसार उलगडून पडला. “बाबा, हलकं,” चिरंजीव म्हणाला आणि माझ्या बोटांवर आपली बोटे ठेवून दोऱ्याचा ताण दाखवला. त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. ते मला तोवर माहीत नव्हते.

शेवटची गाठ मात्र त्यालाही येईना. दोऱ्याचे टोक त्याच्याच वेढ्यांखाली लपवायचे असते. कागदावरच्या आकृतीत सगळे बाण एकमेकांवर आदळलेले. मला गुजरीतले पटवेकरी आठवले. कोल्हापुरी साज सोनार घडवतो, पण ओवतो पटवेकरी. रेशमाची टोके कुठे गेली ते दागिना वर्षानुवर्षे घालणाऱ्या बाईलाही सापडत नाही. मी सौ.चा साज ओवायला टाकण्याचे निमित्त करून गेलो. म्हातारबुवांनी दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवला होता. त्यांनी एक फास आडवा ठेवला, त्यावरून वेढे घेतले, टोक फासात ओवले आणि फास मागे ओढला. टोक गडप! “सर, टोक दिसलं की गिऱ्हाईक ओढून बघतं,” ते म्हणाले. मी तीनदा करून घेतले. साज ओवायचे पैसे निराळे द्यावे लागले.

त्यांच्याकडे ना शेगडा, ना चक. पुढे वाचताना कळले की स्ट्रीमरच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध बाईही अशीच होती. कॅरी स्टीव्हन्स, अमेरिकेतल्या मेन राज्यातली. बायकांच्या टोप्या तयार करणे हा तिचा धंदा, नवरा मासेमारांचा वाटाड्या. १ जुलै १९२४ रोजी तिने घरकाम अर्धवट टाकले, पिसांचा एक मासा बांधला आणि जवळच्या धरणाच्या पाण्यात टाकला. त्यावर सहा पौंड तेरा औंसांचा, म्हणजे तीन किलोंहून जास्त वजनाचा ट्राउट लागला. एका नियतकालिकाच्या स्पर्धेत दुसरे बक्षीस मिळाले आणि बाईंचा टोप्यांचा धंदा मागे पडला. त्या गळ नुसत्या बोटांत धरून बांधीत. हे सौ.ना वाचून दाखवले. “बायका करतात ते हातानेच करतात,” त्या म्हणाल्या आणि नेलपॉलिशची बाटली पुढे केली. गाठीवर त्याचा एक थेंब लावायचा असतो.

आमच्या नद्यांत ट्राउट नाही, असणारही नाही. त्याला हिमाचल-काश्मीरसारखे थंड पाणी लागते. तिथेही तो परकाच. त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरला आणली. पहिली खेप वाटेतच नासली, १९०० सालची जगली, आणि ती वाढवणारा मिचेल हा गालिच्यांचा कारखानदार होता. आपल्याकडचा तोलामोलाचा मासा म्हणजे महाशीर. दख्खनच्या महाशीराला कर्नल साइक्सने १८३९ साली शास्त्रीय नाव दिले, आणि लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्ले वाढवून तलावांत सोडली गेली. तोही लहान मासे खातो. “मग आपल्या नदीत?” चिरंजीवाने विचारले. शिरोलीच्या पुलाखाली उन्हाळ्यात पाण्याला जो वास येतो तो आम्हां दोघांनाही ठाऊक होता. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच तरंगत आल्याची बातमी वर्षाआड वाचायची सवय झाली आहे. आणि २०१९ च्या ऑगस्टात हीच नदी हमरस्त्यावर चढून बसली होती.

म्हणून मासा पोहतो कसा एवढेच पाहायला आम्ही वर प्रयाग चिखलीला गेलो, जिथे नद्या एकत्र येऊन तिची पंचगंगा होते. कोणाला इजा नको म्हणून त्याने पक्कडीने गळाचे टोक तोडून टाकले. काठीला दोरी बांधून मासा सोडला. हातात तो भिजलेल्या कोंबडीच्या पिलासारखा केविलवाणा दिसत होता. पण पाण्यात जाताच पिसे अंगाला मिटली, शेपूट लवलवू लागले, जर एकदा चमकली. चिरंजीवाने दोरी हलकेच ओढून ढिली सोडली. तो पुढे सरकला, थबकला. काठाजवळची बोटभर लांबीची पिल्ले आधी उधळली. मग त्यांतले एक परत आले आणि आमच्या माशाच्या मागे मागे चार हात पोहत गेले.

“हा तुमचा की माझा?” त्याने विचारले.

आम्ही दोघांनी वाकून पाहिले. डोके जरा वाकडे होते. माझा.

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते, म्हणून तो मार्चमध्ये जाणार आहे आणि त्याला डझनभर हवे आहेत. परवा त्याने तो करंगळीएवढा शेगडा आणून माझ्या लिहिण्याच्या टेबलाला पक्का बसवला. तपासायच्या वह्या आता जमिनीवर आहेत. सात झाले. पांढरे पीस संपले आहे, रविवारी पुन्हा दुकानावर जायचे आहे.