पालवीसाठी तीन फिल्टर

वेळणेश्वर, 6 नोव्हेंबर 2025
सड्यावरच्या आंब्याच्या बागेवरून ड्रोन फिरवून झाला. भाड्याने आणलेला मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा प्रकाशाच्या पाच वेगवेगळ्या पट्ट्यांत फोटो काढतो. त्यातल्या तांबड्या आणि अवरक्त पट्ट्यांवरून झाडाची हिरवाई मोजायची, तिला एनडीव्हीआय म्हणतात. नकाशात खालच्या गडग्याकडची काही कलमं लालभडक दिसली, म्हणजे आजारी. काकांना लॅपटॉप दाखवला. ते म्हणाले, "आजारी कसली? पालवल्येत ती."

7 नोव्हेंबर
जाऊन पाहिलं. शेंड्याशेंड्याला खाली लोंबणारी तांबूस, चकचकीत पानं, इतकी कोवळी की बोटाने दुमडली तरी आवाज नाही. अशा पानात हरितद्रव्य थोडं, त्यामुळे तांबडा प्रकाश गिळला जात नाही, परत येतो. एनडीव्हीआयचा आकडा तेवढ्यानेच उतरतो. पान करप्याने गेलंय की नुकतं फुटलंय, हे त्या आकड्याला कळायला मार्ग नाही. बागायतदाराला मात्र तेच कळायला हवं. पालवलेलं कलम लगेच मोहोरत नाही, आधी पालवी जून व्हावी लागते.

पालवीचा तांबूस रंग अँथोसायनिनचा, आणि हे द्रव्य हिरवा प्रकाश गिळतं. ते ओळखायचं सूत्र गिटेलसन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दिलं. त्याला 550 आणि 700 नॅनोमीटर अशा दोन ठिकाणची मापं लागतात. 550 च्या आसपासचा पट्टा जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांत असतो. अडतं ते 700 वर. शेतीच्या बहुतेक तयार कॅमेऱ्यांत त्या बाजूचा पट्टा 717, 730, 735 असा पुढे सरकलेला. सेंटिनेल-2 उपग्रहाकडे 705 आहे, पण त्याचा एक ठिपका 20 मीटरचा. दहा बाय दहावर लावलेली चार कलमं त्या एका ठिपक्यात जातात!

16 नोव्हेंबर
तर 700 चा फिल्टर हवा, दहा नॅनोमीटर रुंदीचा. रंगीत काच इतकी काटेकोर नसते. काचेवर टायटॅनियम डायॉक्साइड आणि सिलिका यांचे थर आळीपाळीने चढवतात, बहुतेक थर त्या पदार्थातल्या तरंगलांबीच्या चौथाईइतके. 700 साठी सिलिकाचा थर साधारण 120 नॅनोमीटर होतो. डबक्यावर सांडलेल्या डिझेलच्या तवंगात रंग दिसतात त्यामागचं भौतिकशास्त्र हेच. फक्त इथे जाडी आपण ठरवायची.

17 नोव्हेंबर
रात्री कागदावर हिशेब केला आणि झोप उडाली. सगळे फिल्टरने काय सोडावं त्यावर बोलतात. त्याने काय अडवावं, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा निघाला. सिलिकॉनच्या सेन्सरला 1100 पर्यंत दिसतं. समजा, पान 700 ला पंधरा टक्के प्रकाश परत फेकतं, आणि 750 च्या पुढे पन्नास. फिल्टर दहा नॅनोमीटरमधून नव्वद टक्के सोडतो: 10 × 0.9 × 0.15, म्हणजे 1.35. आता 750 ते 1050 या पट्ट्यात तो फक्त एक टक्का गळतो असं धरू: 300 × 0.01 × 0.5, म्हणजे 1.5. गळती मूळ मापापेक्षा मोठी! अवरक्तात सेन्सर मंद असतो आणि ऊनही थोडं कमी, ती सूट दिली तरी माप बिघडलंच. गळती दहा हजारात एक इतकी खाली आणली, तर चूक एक टक्क्यावर येते.

23 नोव्हेंबर
दुसरी भानगड तिरक्या किरणांची. किरण वीस अंश तिरका आला की या फिल्टरची खिडकी 700 वरून 687 च्या आसपास सरकते, म्हणजे स्वतःच्या रुंदीहून जास्त. फोटोच्या मधलं कलम एका रंगात मोजलं जातं, कोपऱ्यातलं दुसऱ्याच. उपाय दोन: भिंगाचा कोन आवळायचा, नाहीतर फिल्टर भिंगामागे, किरण सरळ होतात तिथे बसवायचा. प्रत्येक पट्ट्याला आपलं भिंग, आपला फिल्टर ही मांडणी काही नवी नाही. 17 मार्च 1988 ला गेलेल्या आयआरएस-1ए मधले लिस कॅमेरे चार पट्ट्यांसाठी असेच बांधलेले होते.

30 नोव्हेंबर
दुपारी खारा वारा. इथे पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, हे प्रत्येक फोटोवाल्याला माहीत आहे. फिल्टरचं दुखणं त्याहून लपलेलं. साध्या बाष्पीभवनाने चढवलेल्या थरांत सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यात दमट हवा शिरते आणि खिडकी लांब तरंगलांबीकडे सरकते. आयनांचा मारा करत किंवा स्पटरिंगने चढवलेले थर घट्ट बसतात. महाग पडतात, पण कोकणात दुसरं घेण्यात अर्थ नाही.

4 डिसेंबर
यादी ठरली: 550, 700 आणि 840, तीनच. पहिल्या दोन्हींवरून पालवी कळेल, 550 आणि 840 वरून हिरवाई, तांबड्याऐवजी हिरवा पट्टा धरून. काकांनी किंमत विचारली आणि चहा मागवला.

कुणी बागायतदार असा कॅमेरा घ्यायच्या विचारात असेल, तर विक्रेत्याकडे आधी प्रत्येक फिल्टरचा आलेख मागा, 300 पासून 1100 नॅनोमीटरपर्यंतचा. पट्टे किती आहेत ते नंतर विचारा. आलेख दाखवत नसेल तर व्यवहार करू नका.